राखून ठेवलेली खोली

हॉटेलच्या लाँड्रीत त्याला सगळे घडीकाका म्हणत. वाफाळलेली चादर त्याच्या हाताखालून गेली की सुरकुती औषधालाही उरत नसे. वरच्या मजल्यांवरच्या परक्या माणसांची अंथरुणं तो वर्षानुवर्षं नीट करत आला होता. स्वतःच्या भाड्याच्या खोलीत मात्र घडीची खाट होती. सकाळी उठून मिटायची, भिंतीला टेकवायची. पाहुण्यानं पसारा कशाला मांडावा?

त्याची खरी खाट समुद्रापलीकडे होती, भावाच्या घरात, मागच्या खोलीत, खिडकीशी. तिथं दुसऱ्या कुणी निजायचं नाही, असं आईनं घालून दिलेलं. खाट झाडताना ती गुणगुणायची,

परदेशी गेला बाळ, खाट त्याची मी झाडिते
निजलं न कुणी तरी, रोज चादर काढिते

आई गेली. मागोमाग भाऊही गेला. वहिनी राहिल्या. दर फोनच्या शेवटी तो विचारायचा, “आणि खोली?”

“आहे तशी आहे, भावोजी.”

तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

यंदा प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना करसल्लागार बाईंनी सहज विचारलं, “काका, तिकडे घर आहे का तुमचं?”

“आहे की. खोली राखून ठेवलीय. उद्या गेलो तरी पाठ टेकता येईल.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे आधी कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

“मग पंचाईत आहे. इथे राहता, कमावता, म्हणून इथले तुम्हाला रहिवासी धरतात. तिकडे खोली कायम तुमच्यासाठी ठेवलेली, म्हणून तिकडचेही धरतील. म्हणजे इथला पगार दोन्हीकडे दाखवा, दोन विवरणपत्रं भरा. तीच खोली दुसऱ्याला भाड्यानं दिलेली असती, तर तुम्ही सरळ इथले. काम एकात भागलं असतं.”

“दोन भरा.”

“काका, लोक माझ्याकडे कर टाळायला येतात. ओढवून घ्यायला आलेले तुम्ही पहिलेच.”

“दोन भरा, बाई. खोली आहे, तर नाही कशी म्हणू?”

“मग पुरावा लागेल. खोलीचा एक फोटो तरी आणा.”

जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या यंत्रामागे उभं राहून त्यानं फोन लावला.

“वहिनी, खोलीचा एक फोटो पाठवा.”

“आज उजेड नाही हो नीट.”

“मग उद्या.”

“उद्या पसारा असेल. रंग काढायचाय.”

“असू दे. पाहुण्यांना कुठे दाखवायचाय? सरकारला दाखवायचाय.”

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

“भावोजी, सरकारला खोटं नाही सांगायचं मला. तुम्हाला सांगत आले तेवढं पुरे झालं.”

खोलीत भाडेकरू होता. भाऊ गेला त्याच वर्षापासून. लांबून कामाला आलेला कुणी फिटर.

“घर चालायला हवं होतं,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्याकडे मागितलं असतं तर पाठवलं असतंत, आणि त्यापायी आणखी चार वर्षं तिकडेच राबला असतात.”

यंत्राच्या तोंडातून चादरी येत राहिल्या, पांढऱ्या, ऊन ऊन, कुणाच्याच नसलेल्या.

“रागावलात?”

“माणूस कसा आहे?”

“गरीब आहे बिचारा. फार बोलत नाही. त्याच्याही घरी म्हणे त्याची खाट राखून ठेवलीय.”

“असं त्याला सांगत असतील.”

वहिनी हसल्या, मग नाक ओढल्याचा आवाज आला.

“खिडकीकडे डोकं करून निजतो?”

“हो.”

“सकाळची तिरीप थेट डोळ्यांवर येते तिथं. त्याला म्हणावं, उशी दुसऱ्या टोकाला घे.”

संध्याकाळी त्यानं बाईंना सांगितलं, “खोली भाड्यानं दिलीय.”

“मग सुटलात, काका. आता तुम्ही पुरते इथले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यानं खाटेला हात घातला, आणि थांबला. ती मिटली नाही. चादर ताणली, कोपरे दुमडले, तळहातानं एकेक सुरकुती काढली. मग दाराला कुलूप लावून तो कामावर गेला.