काळी पेज

त्या मार्गशीर्षात तारापूरजवळच्या कोळीवाड्यात घरोघरी करणी निघाली. एकही घर सुटलं नाही. खरं तर इथेच शंका यायला हवी होती. पण गावात मुक्कामाला आलेल्या बाबा चमकनाथांपुढे अशी झुंबड, की शंकेला पाय ठेवायला जागा नव्हती.

घरची पेज वाटीत न्यायची. बाबा त्यात बाटलीतल्या ‘मंत्रजला’चे चार थेंब टाकत. पेज काळीनिळी! “करणी!” बाबा गरजत आणि पुडी सोडत. पेज पुन्हा पांढरी!

वाड्यातल्या जमनेच्या गरोदर सुनेला, हंसाला, त्यांनी आणखी दोन पुड्या दिल्या. “रोज एक पेजेत टाकून उंबऱ्याबाहेर ओता. आणि बाळंतपणापर्यंत आंबट वर्ज्य!”

हंसाच्या हिरड्यांतून रक्त यायचं. पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी लिंबू-आवळे खायला सांगितले होते. पण बाबांचं मोडलं आणि बाळाला काही झालं तर? या धास्तीने जमनेने आवळ्यांची परडी माळ्यावर टाकली. डोहाळे लागलेली पोर माळ्याकडे बघत बसायची, अन् जमना परडी आणखी मागे सरकवायची.

जमनेची लेक शकू बोईसरच्या औषध कारखान्यात प्रयोगशाळेत होती. उरलेली एक पुडी तिने तिथे तपासली आणि सरळ बाबांसमोर येऊन वाटी मांडली. पेजेत स्वतः आणलेल्या बाटलीतले थेंब टाकले. पेज काळी! मग किसलेला आवळा पिळला. पेज पांढरी!

“आये, हे आयोडीन, जखमेला लावतात ते. बाबाचं मंत्रजल म्हंजे हेच. तांदळाची पेज त्यानं काळी व्हतेच. पुडीत आवळ्यातलंच क जीवनसत्त्व हाय, वहिनीच्या हिरड्यांना लागतं तेच. ते काळा रंग घालवतं.”

“मंग आंबट कशाला बंद केलं ह्यानं?”

“कुनी लिंबू पिळलं, तर बिंग फुटंल ना!”

“आमच्या पुडीपुढे आवळ्याची काय बिशाद!” बाबा कडाडले.

“मोजलंय मी. डझन कसा बाराचा, तसा मोल म्हंजे कणांची ठरलेली मोठी संख्या. एक मोल आयोडीन जिरवायला एक मोल क जीवनसत्त्व लागतं, वजनानं एकशे शहात्तर ग्रॅम. पुडीनं जिरवले मोलच्या दहा हजार भागांतले तीन भाग, म्हंजे तिच्यात त्रेपन्न मिलिग्रॅम जीवनसत्त्व. एका आवळ्यानं आठ भाग, म्हंजे एकशे एक्केचाळीस!”

जमनेने बोटांवर मोजलं. “एका आवळ्यात अडीच पुड्यांच्या वर? आन आमी औषध वाळूत ओतलं?”

हशा पिकला. बाबा झोळी आवरू लागले. जमनेने घरून परडी आणून गर्दीत बसलेल्या हंसाच्या मांडीवर रिती केली. “खा गो बाय, चुकलं माझं.”

मग ती गर्दीकडे वळली. “उद्या दुसरा कुनी येईल. त्याला पयलं इचारा, बाटलीत काय हाय? सांगत नसंल, तर आपली पेज आपनच प्यायची.”