लांबनीचे कागद

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा चुलीवरून उतरवायची वेळ चुकली की संपलं. मग तो थापायचाही नाही आणि टाकायचाही नाही, घरादारानं मुकाट गिळायचा. धनुबाईच्या घरी मात्र गेल्या बारा वर्षांत ही वेळ एकदाही चुकली नव्हती, कारण चुलीपाशी तिची सून रंजिता असायची. एप्रिलचं ऊन अंगणात उतरायच्या आत तिनं ज्वारीचा घाटा हाटून तयार ठेवला होता. खाटेवर जुनं लुगडं अंथरून ती ओल्या हातानं एकेक बिबडा फिरवत होती. तिची दहा वर्षांची रविना बाजूला बसून गरम घाट्यात तीळ घालून खात होती.

"थोडं ऱ्हाऊ दे व माय," धनुबाई नातीला म्हणाली, "नहीतं खाटवर काय तुन्हं नाव थापसूत?"

रविना खुदकन हसली. रंजिताही हसली. वर्षभरापूर्वी काविळीनं नवरा गेल्यापासून ती हसायची ती अशीच, मान खाली घालून.

गाव तापीकाठचं. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण सांगितलं तर आजूबाजूची दहा गावं "बरं झालं, आमचं नाही" म्हणून हात झटकतील, आणि ही गोष्ट त्यांचीही आहे. ऊस, केळी, पपई, दारात ट्रॅक्टर, सारंगखेड्याच्या जत्रेत मिरवायला घोडा. काही म्हणजे काही कमी नव्हतं, फक्त लग्नाच्या मुली कमी होत्या. त्या कमी का झाल्या हे गावाला पक्कं ठाऊक होतं, पण त्या विषयावर अळीमिळी गुपचिळी. पोटातच ज्यांना जगू दिलं नाही, त्या वीस वर्षांनी मांडवात कुठून येणार? मग तिशी उलटलेल्या मुलांसाठी एजंट गाठायचा, त्याला पैसे द्यायचे आणि दूर मुलखातली मुलगी आणायची. एखाद्या देवळात माळ घातली की झालं लग्न. अशा सुनेला गावात शब्द होता, लांबनी, म्हणजे लांबून आणलेली. गावात सात लांबन्या होत्या. रंजिता त्यांतली एक, धनुबाईच्या थोरल्या गोकुळची.

दुपारी धाकटा भाईदास मोटारसायकल दारात लावून आत आला. त्यानं आधी रंजिताकडे पाहिलं, मग आईकडे.

"माय, उद्या सकायले ग्रामसभा शे. परदेशना लोक चोरीछुपे येतस ना, त्यास्नावर सरकार नवा कायदा करी ऱ्हायना. गावनं मत मांगेल शे. आनि ज्यास्नाकडे कागद नहीत, त्यास्नी यादी."

"आपला गावमा कोन शे असं?" धनुबाईनं सहज विचारलं.

भाईदासनं हनुवटीनं खाटेकडे खूण केली. खाटेपाशी रंजिताचा हात ओल्या बिबड्यावर थांबला. मग फिरू लागला.

धनुबाई त्याला ओढत मागच्या पडवीत घेऊन गेली. "अरे, येडा झाया का? गोकुळनी बायको शे ती! तुन्ही भावजई शे!"

"कोठे लिखेल शे?" भाईदास शांतपणे म्हणाला. "लगीन नोंदेल शे का कोठे? मागला महिनामा तलाठीकडे वारस लावाले गई ती, मले न इचारता. उद्या निम्मं वावर तिन्हा नाववर चढी, मंग म्हणशी का काही?"

म्हणजे असं होतं तर! कायदा सरकारचा, काळजी देशाची आणि डोळा भावाच्या वावरावर.

"आनि रविना?"

"पोर आपली शे. ती आठेच ऱ्हाई. तिन्ही माय जाई."

"कोठे जाई?"

"तिन्हा देशले." तो चपला घालता घालता थांबला. "आनि माय, तू सभामा काही बोलनी, तं पोलीस पहिले तुले लई जातीन. पैसा दिसन बाई कोनी आनी? तूच ना? आनि मरताना तोंडमा पानी टाकनारा आते मी एकलाच शे, हाई ध्यानमा ठेव."

धनुबाई तिथंच पडवीत बसली. तिला रडू येईना, राग येईना. पोटचा पोरगा बोलला होता, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

संध्याकाळी वाळलेले बिबडे उचलताना रंजिता जवळ आली. बारा वर्षांत तिची भाषा इतकी इथली झाली होती की नव्या माणसाला ती लांबची वाटतही नसे.

"आत्याबाई, मन्ही थैली व्हती ना, लाल फुलंनी? तिन्हामा मन्हा शाळाना कागद व्हतात. ते खरंच उंदीरस्नी खादात का?"

हा प्रश्न तिनं एकदाच विचारला होता, आली त्या वर्षी. आज दुसऱ्यांदा.

"हा," धनुबाई बिबड्यांच्या चवडीकडे बघत म्हणाली. "उंदीरस्नीच."

रंजिता अजून थोडा वेळ उभी राहिली. "कागद नहीत तं तुमी सांगाल ना, आत्याबाई? तुमी सांगं तं लोक मानतीन." धनुबाई खाटेवरचं लुगडं काढून झटकू लागली. मग रंजितानं चवड उचलली आणि ती आत गेली.

उंदीर कसले! सून आल्याच्या चौथ्या दिवशी शेजारची इठाबाई येऊन कानात म्हणाली होती, "लांबनीना कागद घरमा ठेवू नही, धनू. कागद गया म्हनजे पाय गयात. मन्ही वहूना मी पहिलाच दिन चुलीमा टाकात." सगळ्या गावाची रीतच ती. सून पळून गेली तर पैसे गेले आणि अब्रूही गेली, म्हणून तिचे परतीचे रस्ते जाळून टाकायचे. सून नदीवर गेलेली पाहून धनुबाईनं लाल फुलांच्या थैलीतले कागद काढले आणि अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत सारले. तिला वाचता येत नव्हतं. काय जळतंय ते तिला कळलं नाही, कळून घ्यावं असंही वाटलं नाही. एका कागदावर फोटो चिकटवला होता, दोन वेण्या घातलेल्या मुलीचा. माणसाचं तोंड जाळू नये, एवढं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. तिनं तो फोटो फाडून घेतला, आणि टाकणार कुठं म्हणून कानबाईच्या डब्यात, देवीच्या खणाखाली ठेवून दिला.

त्यानंतर सुनेचं नावही बदललं. रंजिता हे नाव धनुबाईनंच ठेवलं. जुनं नाव तोंडात बसत नव्हतं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनुबाईनं कानबाईचा डबा उघडला. श्रावणातल्या सणाशिवाय त्या डब्याला कुणी हात लावत नाही. "माफ कर व माय," ती देवीला म्हणाली आणि फोटो कमरेच्या पिशवीत टाकला. तो दाखवायचा की नाही हे तिचं तिलाही माहीत नव्हतं. दाखवला तर पोरगा जातो, न दाखवला तर सून जाते, आणि दोन्हीकडून नाव तिचंच निघतं. पाय शेणात रुतावेत तशी ती अंगणात उभी राहिली. शेवटी रविनानंच तिचं बोट धरून तिला ग्रामपंचायतीकडे नेलं.

निंबाखाली गाव जमलं होतं. सरपंच दोधूआप्पा खुर्चीवर, शेजारी ग्रामसेवक. ग्रामसेवकानं कायद्याचा मसुदा वाचून दाखवला आणि म्हणाला, "एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्याच्यावर संशय आहे, पुरावा त्यानंच द्यायचा आहे. आपण फक्त नावं कळवायची."

चंदन सर उठले. शाळेतले, सरळ मनाचे माणूस. "कायदा हवाच. खोटे कागद करून लोक राहतात, खऱ्याचा हक्क जातो. सरहद्द म्हणजे काही बिनकुंपणाचं वावर नाही. ज्याचं खरं आहे त्यानं घाबरायचं कारण काय?"

"सर, तुमनं म्हननं बरोबर," मागून एक शेतकरी म्हणाला, "पन मन्हा ऊस तोडाले सातपुडाना पावरा आदिवासी येतस. त्यास्ना बापजादा आठलाच, पन जल्मना दाखला एकनाकडे बी नही. त्यास्ले बी परदेशी म्हनसूत का? मंग ऊस काय तुमी तोडसात?"

हशा पिकला. वाद बराच रंगला. कुणी म्हणालं पावऱ्यांना वगळा, कुणी म्हणालं एकाला वगळलं तर सगळेच वगळा. दोन्ही बाजूंची माणसं तळमळीनं बोलत होती, यात शंका नाही. फक्त सात घरांतल्या सात बायकांचा विषय कुणी काढला नाही. कायद्याला पाठिंब्याचा ठराव आला तेव्हा हात वर गेले. भाईदासनं वळून पाहिलं, आणि धनुबाईचाही हात वर गेला.

"आता नावं," ग्रामसेवक म्हणाला.

भाईदास उभा राहिला. "मन्हा घरनंच सांगस. देशपुढे भाऊबंदकी नही. रंजिता. कागद नही, माहेर नही, बारा वरीसमा एक मानूस तिन्हाकडे उना नही. तिन्ही मूळ बोली बंगाली शे. आनि पोर आमनी शे, ती आठेच ऱ्हाई."

बायकांच्या घोळक्यात रंजितानं रविनाला पोटाशी ओढलं.

"बोला बाई," ग्रामसेवक म्हणाला. "मूळ गाव?"

ती उठली. "मन्हं नाव झर्णा शे," ती म्हणाली. "झर्णा बर्मन. कूचबिहार जिल्हा, दिनहाटा. तठे मी नववी शिकनू. मन्हा बाप बिडी वळे. बाप मरना, मंग काका म्हने नोकरी लावी देस. मी परदेशनी नही, भाऊ."

गावानं ते नाव पहिल्यांदा ऐकलं. बारा वर्षं जिच्या हातचे बिबडे खाल्ले, तिचं नाव!

"सगळेच असं सांगतात," कुणीतरी म्हणालं. "पुरावा?"

"कागद उंदीरस्नी खादात," झर्णा म्हणाली, आणि सभा पुन्हा हसली. त्या हसण्यात ती एकटी उभी होती आणि रविना तिच्या पदरात तोंड खुपसून रडत होती.

ते हसू धनुबाईच्या काळजाला लागलं. थट्टा कोणाची चाललीय? खोटं बोललं कोण आणि हसतात कोणाला? तिनं मघाशी वर केलेल्या हाताकडे पाहिलं. तिला त्या हाताची किळस आली.

"उंदीर मी शे," ती उठत म्हणाली.

"माय, खाले बस!" भाईदास ओरडला.

"बठनू बारा वरीस. आते नही बठाव." तिनं कमरेच्या पिशवीतून फोटो काढला. "कागद मी जाळात. मन्हाच हातनी. वहू पळी जाई म्हनीसन चुलीमा टाकात, आनि तिले सांगं उंदीरस्नी खादात. तोंड जाळू नही म्हनीसन हाऊ फोटू तेवढा ठेवा. देखा, सर. काय लिखेल शे ते वाचा."

चंदन सरांनी फोटो घेतला. दोन वेण्यांची मुलगी, आणि तिच्या खांद्यावरून गेलेला निळ्या शिक्क्याचा अर्धा गोल. त्यांनी तो उन्हाकडे धरला.

"हायस्कूल," ते म्हणाले. "पुढे... दिनहाटा."

झर्णानं हात पुढे केला. फोटो तिच्या हातात गेला. तिनं त्या वेण्यांवरून बोट फिरवलं आणि धनुबाईकडे पाहिलं. त्या नजरेत उपकार नव्हते, माफी तर नव्हतीच. धनुबाईला ती नजर सोसवेना, पण तिनं मान फिरवली नाही.

"आजपासून तुले पोऱ्या नही," भाईदास म्हणाला आणि सभा सोडून गेला. मोटारसायकलचा आवाज पार वेशीपर्यंत ऐकू येत राहिला. धनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. एक पोरगा देवानं नेला होता, दुसरा तिनं आता घालवला. पदरानं डोळे पुसून ती ग्रामसेवकासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, यादी कर. पन कागद नही त्यास्नी नको, कागद कोनी जाळात त्यास्नी कर. पोलीसले यानं तं येऊ दे. पहिलं नाव मन्हं लिख."

ग्रामसेवकाचं पेन कागदावर तसंच राहिलं. त्यानं सरपंचाकडे पाहिलं. दोधूआप्पा जमिनीकडे बघत होते. त्यांच्या धाकट्या भावाची बायको लांबनी होती, आणि चूल त्यांच्याही घरात होती.

"आजी, शिक्क्यावरची शाळा शोधून पत्र घालू आपण," ग्रामसेवक हळू आवाजात म्हणाला. "उत्तर येईलच असं नाही. पण तोवर यांचं नाव मी पाठवत नाही."

"ते घालच. पन आदी मन्हं नाव लिख."

त्यानं लिहिलं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काठीचा आवाज आला. इठाबाई उठत होती. ऐंशीच्या घरातली, कंबरेत वाकलेली.

"दुसरं मन्हं," ती म्हणाली. "अक्कल मीच दिधी व्हती तिले."

सात घरं. दोन नावं झाली. ग्रामसेवकानं तिसरा आकडा घातला, पुढे जागा सोडली आणि मान वर करून सभेकडे पाहिलं. मघाशी ठरावाला इतके हात वर गेले होते की मोजायची गरजही पडली नव्हती. आता प्रत्येकाचे हात मांडीखाली होते. झर्णा मुलीचं बोट धरून घराकडे निघाली. धनुबाई तिच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून चालू लागली.

सभा उठली तरी तिसऱ्या आकड्यापुढे नाव आलं नव्हतं. तो कागद अजून पंचायतीत आहे. जागा मोकळी आहे, आणि ती एकाच गावासाठी सोडलेली आहे असं कुणी समजू नये.