नाल्याकडचं दार

रूहीने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात नाव घातलं ते दहा गुणांसाठी, आणि हे तिने कुणापासून लपवलंही नव्हतं. धुळ्याच्या कॉलेजातली चाळीस मुलं-मुली साक्री तालुक्यात, पांझरेकाठच्या एका गावात सात दिवस राहणार होती. काम एकच. बंधाऱ्यापासून शेतांकडे जाणारा जुना पाट साफ करायचा. त्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचला होता, बेशरमाची झुडपं माजली होती, आणि पाणी निम्म्या वाटेतच मुरून जायचं.

पहिल्या दोन दिवसांत हातांना फोड आले. तिसऱ्या दिवसापासून फावडं जरा ऐकायला लागलं. पाटाचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारे गावचे पाटकरी, नथ्थूआबा, रोज काठावर येऊन बसायचे. बोलणं बेताचंच. कुणी गाळ अगदी कडेला टाकला की काठीने खुणावायचे, लांब टाक. पावसात तोच गाळ पुन्हा आत उतरतो.

सहाव्या दिवशी पाट साफ झाला. नारळ फुटला, फोटो निघाले, बंधाऱ्यातून पाणी सोडलं. मुलं पाण्याबरोबर काठाकाठाने धावली, रूहीही धावली. अर्ध्या वाटेवर जादा पाणी नाल्यात सोडायला एक लोखंडी दार होतं. त्याचा पत्रा खालून सडून गेला होता. पाणी तिथवर आलं आणि पत्र्याखालून सरळ नाल्यात पडू लागलं. पुढचा पाट नुसता स्वच्छ, कोरडा पडून राहिला. त्याच्या शेवटाला भिकुअक्कांचं हरभऱ्याचं शेत होतं. त्या फावडं घेऊन वाट बघत उभ्या होत्या.

“दरसाल गोण्या नि चिखल दाबतस,” नथ्थूआबा म्हणाले. “दोन दिन टिकस. मंग शे तसंच.”

“मग आधी सांगितलं का नाही, आबा?”

“कोनी इचारंच नही, बेटी.”

रूहीला शरमल्यासारखं झालं. सहा दिवस त्या दारावरून ती घमेली घेऊन गेली होती, आणि तिचे वडील तर धुळ्यात वेल्डिंगचं दुकान चालवत होते. सडलेला पत्रा तिला दिसायला हवा होता.

शिबिराच्या प्रमुख सारिका मॅडम म्हणाल्या, “अहवालात लिहू आपण. उद्या तर निघायचंच आहे.”

त्यांचंही चुकीचं नव्हतं. रूहीने भिकुअक्कांकडून सुतळी मागून घेतली, दगडातल्या दोन खाचांमधलं अंतर मोजलं, गाठी मारल्या आणि सुतळी दप्तरात ठेवली.

घरी तिने ती वडिलांपुढे ठेवली. नूर महंमद यांनी सगळं ऐकून घेतलं.

“कॉलेजने सांगितलंय?”

“नाही, अब्बा.”

“मग कुणी?”

“कुणीच नाही.”

त्यांनी सुतळी उचलून गाठींमधलं अंतर पाहिलं. मग दुकानाच्या मागून एका जुन्या टाकीचा जाड पत्रा काढून आणला. “आखून दे,” म्हणाले. “कापायला मी आहे.”

रविवारी बापलेक मोटारसायकलवर पत्रा आडवा बांधून साक्रीच्या रस्त्याला लागले. पण दार खाचेत अर्ध्यावर जाऊन अडलं. रूहीने मोजलं होतं ते वरचं अंतर. वरचे दगड झिजून खाच रुंद झाली होती, तळाशी ती बोटभर अरुंदच होती. रूही पाटात गुडघ्यावर बसून राहिली. डोळ्यांत पाणी आलं तसं तिने मान खाली घातली.

नूर महंमद काठावरून म्हणाले, “पहिलं शटर मी उलटं बसवलं होतं. गिऱ्हाईक हसलं होतं. तळाचं माप घे.”

नथ्थूआबा पाटात उतरले. चिखलात हात घालून त्यांनी सुतळीचं एक टोक खाचेच्या तळाशी धरलं, दुसरं रूहीने.

पुढच्या रविवारी दार बसलं. आबांनी कडेला चिकणमाती दाबली आणि पाणी सोडायला बंधाऱ्यावर निरोप धाडला. पाणी आलं, दाराला टेकलं, जरा फुगलं आणि वळून पुढच्या पाटात शिरलं. कुणी धावलं नाही. तिघंही त्याच्या चालीने चालत राहिले. वाळकी पानं पुढे ढकलत, भेगांत थांबत थांबत ते दुपारी भिकुअक्कांच्या बांधाशी पोचलं. अक्कांनी फावड्याने माती बाजूला केली. पहिल्या सरीत पाणी उतरताना त्या बघत राहिल्या, आणि मग त्यांनी रूहीच्या पाठीवरून ओलाच हात फिरवला.

बांधावरच त्यांनी सगळ्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. नूर महंमदांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

“वरतीबी दोन दारं अशीच शेतस,” जेवण झाल्यावर नथ्थूआबा म्हणाले. या वेळी त्यांनी कुणी विचारायची वाट पाहिली नव्हती.

त्या दारांच्या कामाला येणार का, हे विचारायला रूहीने वर्गातल्या तिघांना फोन लावला. एकाने सरळ विचारलं, याचे गुण मिळणार का. ती म्हणाली, नाही. दोघं येतो म्हणाले, तिसरा बघतो म्हणाला. तेवढ्याने तिला हुरूप आला. अब्बा निंबाच्या सावलीत आडवे झाले होते. त्यांना तसंच झोपू देऊन ती सुतळी घेऊन आबांच्या मागून पाटाच्या काठाने वर निघाली.