स्मरणभिंतीला टेकलेली

मी शिडी बोलतेय. लाकडाची, अकरा पायऱ्यांची, आणि वयाने तुमच्या प्राचार्यबाईंपेक्षाही मोठी. तेव्हा जरा अदबीने ऐका. शिक्षण माझं अर्धवटच. वर्गांच्या खिडक्या रंगवताना बाहेरून जेवढं कानावर पडलं, तेवढंच.

एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजच्या सुताराने मला घडवलं आणि त्याच कॉलेजात माझं सगळं आयुष्य गेलं. माणसं मला चेहऱ्यावरून नाही, तळव्यांवरून कळतात. वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली भोकाचा मोजा, हे गुपित पहिल्याच पायरीवर फुटतं. हेडक्लार्क बल्ब बदलायला चढले की मी मुद्दाम कुरकुरायची. "अरे धरा रे, धरा!" एरवी उपासनेत पेंगणारा माणूस, पण माझ्यावर चढला की मनापासून देवाचा धावा करायचा. माझ्यामुळे जेवढी प्रार्थना झाली, तेवढी पाळकसाहेबांमुळेही झाली नसेल.

पण माझं खरं काम प्रार्थनामंदिरातल्या भिंतीपाशी होतं. त्या भिंतीवर कॉलेजच्या मेलेल्या माणसांची नावं आहेत. डावीकडे 'सेवक', म्हणजे शिकवणारे आणि ऑफिसातले. उजवीकडे 'हितचिंतक', म्हणजे ज्यांनी कपाटं दिली, पुस्तकं दिली, जमीन दिली ते. दरवर्षी एका रविवारी स्मरणाची उपासना होते. पाळकसाहेब एकेक नाव वाचतात आणि त्या माणसाच्या घरचं जे कोणी आलं असेल, ते उभं राहतं. नाव विरलं की बसतं. बस, एवढंच. बघायला साधं वाटतं, पण त्या दोन क्षणांसाठी माणसं कुठून कुठून येतात.

नावं लिहायचा मामा. कॉलेजचा रंगारी. सगळं कॉलेज त्याला मामाच म्हणायचं. मी वयाने मोठी, म्हणून मी अरेतुरे करते. त्याची एक रीत होती. ब्रश बुडवायच्या आधी तो वरच्या पायरीवर बसून ते नाव तीनदा मोठ्याने घ्यायचा, मग त्या माणसाशी थोडं बोलायचा. "ग्रंथपालबाई, तुमचं नाव लांबलचक हो. जरा अंग चोरून बसा." मग लिहायचा. अक्षर असं की जिवंत माणसाला मरावंसं वाटेल.

एकदा जवळजवळ तसंच झालं. मराठीचे निवृत्त सर गेल्याचा फोन आला. गेला होता त्यांचा भाऊ, पण हेडक्लार्कांनी सरांनाच यादीत घातलं. मामाने नाव रंगवलं आणि दोन दिवसांनी सर स्वतः काठी टेकत हजर.

"मामा, माझं नाव लिहिलंयस म्हणे. बघायला आलो."

मामा घाईघाईने दोन पायऱ्या खाली उतरला. "सर, पुसतो लगेच."

"थांब, घाई काय आहे? आयुष्यभर पोरांचं शुद्धलेखन तपासलं, स्वतःचंही तपासू दे." चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे. आता पूस. लागेल तेव्हा पुन्हा लिही."

तीन वर्षांनी ते लागलं. मामाने त्याच जागी लिहिलं. त्या दिवशी मी एकदाही कुरकुरले नाही.

मग मामाच गेला. स्मरणाच्या रविवारला दहा दिवस होते. तीन नावं लिहायची होती, दोन झाली होती, तिसऱ्याच्या नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. दुपारी छातीत कळ आली. तो अकराही पायऱ्या नीट उतरला, ब्रश धुतला, आणि बाकावर बसला तो बसलाच. मी भिंतीला टेकलेली. सगळी थट्टा तिथेच संपली माझी.

चार दिवसांनी मामी आल्या. काळ्या पिशवीत मामाचे ब्रश. प्राचार्यबाई आणि हेडक्लार्क भिंतीखाली उभे होते.

"चौथं नाव ह्यांचं लिहा," मामी म्हणाल्या. "दुसरा कोणी रंगारी आणा. ब्रश मी आणलेत."

हेडक्लार्कांनी घसा खाकरला. "मामी, लिहायचं कुठं? सेवकांत घ्यायचं तर मामा नेमणुकीवर नव्हते, रोजावर होते. हितचिंतकांत घ्यायचं तर... तसं त्यांनी काही दिलेलं नाही."

"एकतीस वर्षं दिली की."

"नियम मी केलेला नाही हो. मामांना घेतलं तर झाडणारे, पाणी भरणारे, सगळ्यांनाच घ्यावं लागेल."

"मग घ्या ना! कोण नको म्हणतंय?"

"भिंतीवर जागा संपेल, मामी."

"माणसं संपतायत ते चालतंय तुम्हाला!"

प्राचार्यबाई वाईट नव्हत्या. त्यांनी मामींचा हात धरला. "पुढच्या बैठकीत विषय ठेवते. नक्की ठेवते." असल्या हातांचा मला राग येत नाही. त्यांच्यात बळच नसतं, राग कशाचा करायचा?

बाहेरचा रंगारी आपली चकचकीत शिडी घेऊन आला, तिसरं नाव एकदाही तोंडाने न घेता रंगवलं आणि गेला. मला हलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणून रविवारी मी तिथेच होते.

पाळकसाहेबांनी नावं वाचली. ज्याची त्याची घरची माणसं उठली, बसली. तिसरं नाव झालं आणि त्यांनी कागदाची घडी केली. तेव्हा शेवटच्या बाकावर मामी उभ्या राहिल्या.

कुणी खोकलं. हेडक्लार्क स्वतःचे बूट बघू लागले. प्राचार्यबाई मागे येऊन हळूच म्हणाल्या, "मामी, बसा ना."

"बसते की. तुम्ही नाव घ्या, मी बसते."

पाळकसाहेबांनी प्राचार्यबाईंकडे पाहिलं. प्राचार्यबाईंनी खाली पाहिलं. मग पाळकसाहेब म्हणाले, "शेवटचं गीत गाऊया." आणि सगळं मंदिर उभं राहिलं. दोनशे माणसं. त्यांच्यात मामी कुठे उभ्या आहेत, हे मलाही दिसेना.

बैठक झाली. विषय पुढे ढकलला. पुढच्या वर्षी मामी पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा गीत झालं. त्याच्या पुढच्या वर्षी हेडक्लार्कांनी यादीनंतर लगेच गीत ठेवून घेतलं, मध्ये श्वासाचीही फट नाही. यंदा त्याची गरज पडली नाही. शेवटचा बाक रिकामा होता. मूलबाळ नाही. मामी उन्हाळ्यात गेल्या.

मी अजून भिंतीपाशीच आहे. कॉलेजच्या सामानाच्या यादीत माझा नंबर आहे बरं का! मामाचा कुठल्याच यादीत नाही. मला वाळवी लागलीय, डावा पाय पोकळ झालाय. परवा दोन शिपाई मला मागच्या खोलीत आडवी टाकायला आले होते. मी अशी कडाडले की घाबरून परत गेले. म्हातारीची शेवटची खोडी म्हणा.

पण खोडीवर किती दिवस निभणार? पुन्हा येतील, जास्त माणसं घेऊन. तेव्हा त्यांना माझा निरोप सांगा. मामाच्या घरची म्हणून आता मी एकटीच उभी आहे. मामाचं नाव घ्या. भिंतीवर नको, नुसतं तोंडाने, एकदाच, मोठ्याने. मग मला खुशाल आडवी करा.