आत्याची मर्यादा

आमच्या सासऱ्यांना मर्यादा फार प्रिय. सुनेने पाळायची ती नव्हे, ती मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मोडीत काढली होती. त्यांची मर्यादा करमुक्त बचतीची. एका माणसाच्या नावावर सरकारने ठरवलेल्या रकमेपर्यंत पैसे ठेवले, तर व्याजावर कर नाही. त्याच्यावर गेलात की कात्री. सासऱ्यांचं फरशा आणि नळांचं दुकान जोरात चालायचं. पैसा भरपूर आणि घरात माणसं मोजकी, हे त्यांचं खरं दुखणं. माझ्या लग्नात त्यांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, "घरात एक मर्यादा वाढली." सगळे हसले. मीही हसले, कारण मला तो विनोद वाटला.

सासूबाई गेल्या तेव्हा आम्हा सगळ्यांना दुःख झालं. सासऱ्यांना दोन दुःखं झाली. माणसाबरोबर त्याची मर्यादाही जाते, त्यामुळे सासूबाईंच्या नावावरचे पैसे उघडे पडले. बरेच दिवस ते जेवताना गप्प असायचे. मी नवऱ्याला म्हटलंही, बाबा फार खचलेत. मग एका सकाळी त्यांना आपल्या बहिणीची आठवण झाली.

ही बहीण म्हणजे आमची आत्या. तिचं लग्न झालं नव्हतं. आई होती तोवर आईचं सगळं तिने केलं, आणि आई गेल्यावर तिचं करायला कोणी उरलं नाही. गुडघे गेलेले, त्यात दमा. सासऱ्यांनी तिला एका धर्मादाय वृद्धाश्रमात ठेवलं होतं, जिथे नातेवाइकांना दमडी द्यावी लागत नाही. एवढ्या वर्षांत ते तिला भेटायला गेल्याचं मला आठवत नाही. आता मात्र स्वतः गाडी घेऊन गेले, येताना नवी गादी घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी तिला बँकेत फिरवून आणलं.

आत्याला मागची खोली दिली. खिडकीतून गोदामाचं अंगण दिसायचं, तिथे दिवसभर फरशांच्या पेट्या उतरायच्या. आवाजाने डोकं उठायचं, पण आत्याची तक्रार नव्हती. तिला त्या खोलीतली एकच गोष्ट आवडली होती, दाराला आतून कडी होती. आश्रमात आठ खाटांची खोली, आणि कडी असलीच तर बाहेरून. पहिले काही दिवस ती उगाचच कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मला हसू यायचं.

तिच्या नावावर आता आमच्या दुकानाचा बराचसा पैसा होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पासबुक सासऱ्यांच्या कपाटात, आणि दम्याच्या औषधासाठी आत्या माझ्याकडे पैसे मागणार, तेही स्वयंपाकघरात दुसरं कोणी नसताना. तरी ती खूश होती. मला सांगायची, दादाला उशिरा का होईना, बहीण आठवली. मी मान डोलवायचे. खरं सांगून मला काय मिळणार होतं?

दोन वर्षं बरी गेली. मग एका संध्याकाळी बातम्यांत आलं, की सरकार करमुक्त बचतीची मर्यादा निम्मी करण्याच्या विचारात आहे. विचारात, एवढंच. अर्थमंत्री काही बोलले नव्हते, कुठल्याशा समितीतल्या कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं. पण सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आत्याकडे पाहिलं. दुकानात फुटलेल्या फरशीकडे बघतात, तसं पाहिलं. आत्याने नजर खाली वळवली. त्या क्षणी मला कळलं, की आपण समजत होतो तितकी ही भोळी नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. मला सहावा महिना होता, त्यामुळे मला हातही लावू देईना. गुडघे धरून फरशी पुसायची, कपडे वाळत घालायची, सासऱ्यांच्या चपला पुसून ठेवायची. दम लागला की मोरीत जाऊन खोकायची, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. मी ओरडले तर म्हणायची, बसून बसून अंग आखडतं गं.

त्या चपलांचा काही उपयोग झाला नाही. सासऱ्यांचा हिशोब सरळ होता. मर्यादा निम्मी झाली तर आत्यामुळे वाचणारा करही निम्मा, आणि तेवढ्यात तिचं औषधपाणी, खाणंपिणं भागत नाही. नवरा चाचरत म्हणाला, अजून नक्की काहीच नाही, अर्थसंकल्प तरी होऊ द्या. सासरे म्हणाले, शहाणा माणूस पाऊस पडल्यावर छत्री विकत घेत नाही. आणि आत्याला परत पाठवायचं, तर पैसे आधी काढायला हवेत. लांब राहणाऱ्या माणसाच्या नावावर पैसे ठेवायचे नसतात, तिथे कोण कुणाच्या कानाला लागेल सांगता येत नाही.

बँकेत मी बरोबर गेले, कारण आत्याला जिना चढवायला कोणीतरी हवं होतं. काउंटरमागची बाई तरुण होती, पण डोळे उघडे ठेवून काम करणारी. तिने कागद पाहिला, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना ओळखपत्राची छायाप्रत काढायला खाली पाठवलं. छायाप्रतीचं यंत्र तिच्या पाठीमागेच होतं. ते गेल्यावर ती आत्याकडे वाकली.

"मावशी, हे पैसे कायद्याने तुमचे आहेत. तुम्ही नाही म्हणालात, तर कुणालाही काढता येणार नाहीत. आणि मर्यादेचं म्हणाल, तर ती नुसती चर्चा आहे."

आत्याने नाही म्हणावं असं मला मनापासून वाटत होतं. ते पैसे धरून ठेवले, तर जन्मभर तिला कुणी त्या खोलीतून हलवू शकणार नव्हतं. उलट सासरेच तिच्या चपला पुसत बसले असते.

"बाई, ते माझ्या नावावर आहेत, माझे नाहीत," आत्या म्हणाली.

"कायद्याने तसा फरक नसतो."

"घरात असतो," आत्या म्हणाली. "आणि आता नाही म्हटलं, तर दादा रागावेल. मग पुन्हा कधी मला न्यायला कोण येईल?"

तिने सही केली. अक्षर सुंदर होतं, वळणदार. ती बाई शिक्का मारत राहिली.

त्याच आठवड्यात आत्या आश्रमात परत गेली. सासऱ्यांनी तिला सांगितलं, की बाळंतपणाची गडबड आहे, थोड्या दिवसांची सोय. नवी गादी मात्र घरीच ठेवली, तिकडे चोरीला जाईल म्हणून. गाडीत बसताना आत्याने मला दोनदा सांगितलं, की खोलीची कडी जरा घट्ट बसते, तेल घाला. मी घातलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, हे आमच्या घरात इतकं सहज होऊन गेलं, की रात्रीच्या जेवणाला कुणाचा घासही अडला नाही. माझासुद्धा नाही.

मला मुलगी झाली. सासऱ्यांनी तिला अजून मांडीवर घेतलं नव्हतं, तेवढ्यात अर्थसंकल्प आला. मर्यादा निम्मी झालीच नाही. होती तशीच राहिली. उलट सरकारने वर आणखी एक सवलत दिली, की आता लहान मुलांच्या नावानेही करमुक्त खातं उघडता येईल, मोठ्यांच्या निम्म्या रकमेपर्यंत. सासरे उठले, पाळण्यापाशी गेले, नातीच्या गालाला प्रथमच हात लावला आणि मला विचारलं, जन्मदाखला कधी मिळणार. मला त्यांचा हात झटकावासा वाटला. मी म्हटलं, मंगळवारी.

तेवढ्यात फोन वाजला. मी घेतला. आश्रमातून आत्या बोलत होती, धापा टाकत. टीव्हीच्या खोलीपासून फोनपर्यंत बहुतेक धावत आली असावी, त्या गुडघ्यांनी.

"सूनबाई, ऐकलंस का? कमी नाही केली त्यांनी. आहे तेवढीच ठेवलीय. दादाला सांग, मी तयार आहे. गाडी पाठवली नाही तरी चालेल, बसने येईन."

मी फोनवर हात ठेवून सासऱ्यांना सांगितलं. ते पाळण्याजवळून हलले नाहीत. म्हणाले, बाळाचं आता होतंय ना, तिला तसं सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी मान हलवली. मग मीच सांगितलं, की आत्या, आता लहान मुलांच्या नावानेही ठेवता येतात, आणि बाळाच्या नावावर ठेवायचं ठरतंय.

मला वाटलं, आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाळाला पूर्ण मिळते, का निम्मी?" तिने विचारलं.

"निम्मी."

"मग माझ्या वेळचे निम्मे अजून उघडेच आहेत की गं. तेवढ्यांसाठी मी चालेन. विचार दादाला."

मी विचारलं. आणि सासऱ्यांनी खरोखर हिशोब केला. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने आकडे मांडले, एक खोडला, पुन्हा मांडला. माझा नवरा दारात उभा राहून पायाची नखं बघत होता. शेवटी सासऱ्यांनी पेन्सिल ठेवली.

"निम्म्या रकमेत अख्खं माणूस पोसणं परवडत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा आहे. फोनवर हात ठेवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही.

"सूनबाई," आत्या म्हणाली, "त्याला सांग, मी हल्ली जेवते पण निम्मंच."

मी तसंच्या तसं सांगितलं. सासऱ्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली.

"आणि औषधं?" त्यांनी विचारलं.