दोन सरकारांची होडी

मी एक जुनी होडी आहे, आणि मित्रांनो, मी अजून रागात आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की म्हातारी उगाच कावली. माझ्या फळ्या कुरकुरतात, रंगाचे पोपडे कधीच गळून गेले, पण राग जागच्या जागी आहे. माझी गोष्ट ऐका आणि मग तुम्हीच सांगा, मी चिडायचं नाही तर काय करायचं?

माझा जन्म आमच्या बेटाच्या वाळूवर, नीरफणसाच्या झाडाखाली झाला. बेट एवढंसं. त्यावर माणसांची घरं मावतात, शेतं मावत नाहीत. कोनफळांचे मळे, गोड्या पाण्याचा झरा, दवाखाने, सगळं खाडीच्या पल्याड मोठ्या बेटावर. लोक लहान लहान डोण्यांतून रोज जा-ये करत. तारिपोआ नावाच्या सुताराची बायको बाळंतपणात अडली, तेव्हा तिला अशाच एका डोणीतून न्यायला निघाले होते. खाडीच्या मध्यावर लाट आली आणि डोणी उलटली. ती काही परत आली नाही. मागे दहा-अकरा वर्षांची लेक लेमारा राहिली, आणि तारिपोआ.

त्यानंतर त्याने मला घडवायला घेतलं. दीड वर्ष खपला बिचारा. एकेक फळी हाताने तासली, खोबरेल पाजून पाजून मुरवली, आणि मला इतकी रुंद केली की माणूस आडवा झोपला तरी आणखी दोघं बसू शकतील. कोणालाही माझ्यातून आडवं नेता यावं, यासाठीच माझा जन्म होता. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा सगळं बेट किनाऱ्यावर आलं होतं. बायकांनी किसलेल्या कोनफळांचा लापलाप भाजला होता, केळीच्या पानांतून वाफा निघत होत्या. मला फार अभिमान वाटला होता.

तो अभिमान टिकला नऊ दिवस. दहाव्या दिवशी सरकार आलं, आणि तेही एक नव्हे, दोन.

त्या काळी आमच्यावर इंग्रजांचं राज्य होतं आणि फ्रेंचांचंही होतं. दोघांनाही ही बेटं हवी होती, आणि त्याहून जास्त म्हणजे दुसऱ्याला ती मिळायला नको होती. म्हणून दोघांनी मिळून राज्य करायचं ठरवलं. साहेब दोन, पोलीस दोन तऱ्हेचे, शाळा दोन, दवाखाने दोन आणि तुरुंगही दोन. फ्रेंचांच्या तुरुंगात जेवण बरं मिळतं म्हणून आमच्याकडचे चोर पकडले जाताना आधी पोलिसाची टोपी बघत.

इंग्रजांचे पेनरोज साहेब उंच आणि किरकोळ, दिवसातून चार वेळा चहा पिणारे. फ्रेंचांचे मुस्यू देलोर्म ठेंगणे, दुपारी दोन तास जेवणारे. एकाचा चहा आटपेपर्यंत दुसऱ्याचं जेवण सुरू व्हायचं, त्यामुळे दोघांची गाठ फक्त भांडायला पडायची. मला बघून मात्र दोघं एका सुरात म्हणाले, ही होडी सरकारला पाहिजे.

तारिपोआ म्हणाला, "न्या. पण एक अट आहे. आमच्या बेटावरचं कोणी अडलंनडलं तर ही होडी आधी त्याची, मग तुमची."

दोघांनी माना डोलावल्या. कागद झाला, तोही दोन भाषांत. मग माझे हाल सुरू झाले.

माझी डावी बाजू इंग्रजांची आणि उजवी फ्रेंचांची असं ठरलं. डावीकडे एक रंग आणि एक नाव, उजवीकडे दुसरा रंग आणि दुसरं नाव. माझं स्वतःचं नाव काय, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. पुढे दोन डोलकाठ्या ठोकल्या, दोघांच्या झेंड्यांसाठी. दोन्ही झेंडे अगदी सारख्या उंचीवर असल्याशिवाय मी किनारा सोडायचा नाही, असा नियम केला. वल्हवायला तारिपोआचेच दोन भाचे दिले. सख्खे भाऊ, पण कालसेई इंग्रजांचा पोलीस आणि विरा फ्रेंचांचा. कालसेईने फक्त पेनरोज साहेबांचा हुकूम ऐकायचा, विराने फक्त देलोर्मचा. साहेब म्हणाले चला, की डावं वल्हं चालायचं. मुस्यू तेवढ्यात पाईप पेटवत असायचे, म्हणून उजवं वल्हं गप्प. मग मी गोल फिरायचे. भर दर्यात, दोन झेंडे लावून, घाण्याच्या बैलासारखी गोल. किनाऱ्यावरची पोरं हसायची. माझी मात्र मान खाली जायची.

"दादा, हळू मार, आमच्या सरकारचा पाईप पेटायचाय," विरा पुटपुटायचा.

"तुमचं सरकार पेटेपर्यंत आमच्या सरकारचा चहा निवतोय," कालसेई म्हणायचा. आणि दोघं तोंड फिरवून हसायचे.

अशी सहा वर्षं मी काढली. मग तो दिवस आला, ज्याची आठवण झाली की माझा कणा आजही तापतो.

लेमारा मोठी झाली होती, तिचं लग्न झालं होतं, नवरा खोबऱ्याच्या जहाजावर लांब गेला होता. तिला कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला, तरी मूल येईना. सकाळी तारिपोआने तिला चटईवरून उचलून किनाऱ्यावर आणलं. सोबत तिची मावशी. भरती होती. खाडीच्या तोंडाशी खडकांची रांग आहे, भरतीच्या पाण्यावरूनच ती ओलांडता येते. ओहोटी लागली की सहा तास वाट बंद. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

लेमाराला माझ्यात आडवी ठेवली. ज्या कामासाठी मला घडवली, ते पहिल्यांदाच माझ्या वाट्याला येत होतं. दोन्ही साहेब तेव्हा नेमके किनाऱ्यावरच होते. कालसेईने वल्हं उचललं, आणि पेनरोज साहेबांनी हात वर केला.

"थांबा. फ्रेंच झेंडा वर दिसतोय."

झालं होतं असं, की फ्रेंचांची काठी किड्यांनी पोखरली होती म्हणून आदल्याच दिवशी नवी बसवली होती. देलोर्म म्हणाले, "आमच्या मापाने काठी बरोबर आहे."

"तुमच्या मापाने असेल. आमच्या फूटपट्टीने अर्धा इंच जास्त भरते."

"अर्धा इंच म्हणजे काय असतं, ते आमच्या पट्टीवर नाही."

करवत मागवली. फ्रेंचांची काठी कापली. ती जरा जास्तच कापली गेली. मग इंग्रजांची कापली. मग पुन्हा फ्रेंचांची. लाकडाचा भुसा लेमाराच्या कपाळावर पडत होता, मावशी तो हाताने पुशीत होती, आणि पाणी माझ्या पोटाखालून बोट बोट उतरत होतं. मला ते कळत होतं. मला ओरडता येत असतं तर त्या दिवशी मी दोन्ही देशांची आई-बहीण काढली असती.

झेंडे कसेबसे सारखे झाले, तर नवीनच सुरू. न्यायचं कोणत्या दवाखान्यात?

"आमचा डॉक्टर जास्त शिकलेला," देलोर्म म्हणाले.

"आमचा डॉक्टर सकाळी जागा असतो," पेनरोज म्हणाले.

आणि दयेपोटी म्हणत होते असं समजू नका हं. वर्षअखेरीस कोणाच्या दवाखान्यात किती मुलं जन्मली, याचा अहवाल दोघांच्या राजधानीत जायचा. गेल्या वर्षी फ्रेंच तीन मुलांनी पुढे होते.

लेमाराने डोळे उघडले. घामाने निथळत होती, पण जीभ शाबूत होती. "ज्यांच्याकडे बोलणं कमी," ती म्हणाली, "तिथे न्या मला."

तेवढ्यात तारिपोआ माझ्यात चढला. त्याच्या हातांनी मला जुळवलं होतं, माझी कोणती खुंटी कुठे सैल होते ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने दोन खुंट्या काढल्या, दोन्ही डोलकाठ्या उपसल्या आणि खाली उतरला.

"साहेब, ही तुमची. मुस्यू, ही तुमची. सांभाळा, वाळूला टेकली तर अपमान होईल. सारख्या उंचीवर धरा म्हणजे झालं." मग भाच्यांकडे वळून म्हणाला, "कालसेई, विरा, आता आपल्या भाषेत वल्हवा रे."

आणि मित्रांनो, मी सरळ गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी सरळ गेले.

मागे किनाऱ्यावर काय झालं, ते मला नंतर कळलं. झेंडा खाली घ्यावा तर आपला देश आधी झुकला असं व्हायचं. तेव्हा दोघंही काठ्या हातात घेऊन, एकमेकांच्या टोकावर नजर ठेवून, उन्हात समोरासमोर उभे राहिले. एकाचा चहा चुकला, दुसऱ्याचं जेवण. आम्ही परतलो तेव्हाही ते तसेच उभे होते. बायकांनी त्या दोन काठ्यांवर जाळी वाळत घातली होती.

पण खडकांवर पाणी उरलं नव्हतं. दोघा भावांनी खाली उड्या मारल्या, तारिपोआने मागून खांदा लावला, आणि लेमारासकट मला खडकांवरून उचलत, घासत पलीकडे काढलं. माझं पोट फाटलं, त्यांचे पाय फाटले. आणि तिथेच, खडकांच्या पलीकडच्या पहिल्या लाटेवर, माझ्या मधल्या फळीवर लेमाराची मुलगी जन्मली. बराच वेळ रडली नाही. मावशीने तिला उलटी धरून थोपटलं, तारिपोआ डोळे मिटून बसला, आणि मग ती रडली. मी फुटलेल्या पोटाने तिचा आवाज ऐकला. असं सुख मला पुन्हा मिळालं नाही. लेमाराने तिचं नाव लेविया ठेवलं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती की नाही? पण दोन सरकारं असली की काही संपत नाही. मूल कोणाच्या बाजूला जन्मलं, यावर चौकशी बसली. दोघं पट्ट्या घेऊन माझ्यात बसले. पेनरोज म्हणाले, मुलीचं डोकं डावीकडे होतं, म्हणजे मूल आमचं. देलोर्म म्हणाले, पाय उजवीकडे होते, आणि माणूस पायांवर उभा राहतो, डोक्यावर नाही. मावशीला साक्षीला बोलावलं.

"मूल आईच्या बाजूला होतं," मावशी म्हणाली आणि घरी निघून गेली.

शेवटी दोघांनी आपापला दाखला लिहिला की लेविया आमची. तारिपोआला झेंड्यांचा अपमान केल्याबद्दल शिक्षा झाली, पण त्याला कोणाच्या तुरुंगात घालायचं हे ठरेना, म्हणून तो घरीच राहिला. शिक्षा खरी भोगली ती मी. मला पुरावा ठरवून झाडाखाली ओढलं आणि दोन लाखेची सीलं ठोकली, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही सरकारांनी मिळून काढल्याशिवाय ती निघायची नव्हती. अठरा वर्षं, मित्रांनो. अठरा वर्षं मी पाण्यापासून वीस पावलांवर कोरडी पडून होते, आणि बायका पुन्हा डोण्यांतून जात होत्या. त्यांतल्या दोघी पोचल्या नाहीत. त्या दोघींचा हिशोब कोणाच्या अहवालात गेला, ते मला कोणीतरी सांगावं.

लाकूड कोरडं पडलं की चिरतं. तारिपोआ रोज संध्याकाळी माझ्यावर समुद्राचं पाणी ओतायचा, महिन्यातून एकदा खोबरेल चोळायचा. सीलाला हात लावायचा नाही. तो गेला, त्यानंतर लेविया ते करू लागली. शेजारी म्हणायचे, "अगं, मेलेल्या होडीला कशाला पाणी पाजतेस?" ती पाणी ओतत राहायची.

लेविया अठराची झाली. तिला बाळंतपणाचं काम शिकायला फिजीला जायचं होतं. त्यासाठी कागद हवा होता, ती कोणाची आहे हे सांगणारा. साहेब बदलले होते, पट्ट्या त्याच होत्या. इंग्रजांकडे गेली, तर नवे साहेब म्हणाले, तू तर फ्रेंचांची. फ्रेंचांकडे गेली, तर नवे मुस्यू म्हणाले, छे, तू इंग्रजांची. अहवालात मोजायला लेकरू दोघांचं होतं. कागद द्यायची वेळ आली तेव्हा कोणाचंच नव्हतं.

पुन्हा चौकशी बसली. मोजमापासाठी दोन्ही सीलं काढली. दोघं माझ्यात वाकून बसले आणि आता इंग्रज साहेब म्हणाले, डोकं उजवीकडे, म्हणजे फ्रेंचांकडे असणार. मुस्यू म्हणाले, पाय नक्की डावीकडे, इंग्रजांकडे. तासाभराने दोघांचं एकमत झालं, की मूल बरोबर मधल्या फळीवर जन्मलं आणि ती फळी दोघांपैकी कोणाचीच नाही. तसा कागद लिहिला आणि दोघांनी सह्या केल्या. दोन्ही सरकारांनी एकाच दिवशी सही केलेला तो आमच्या बेटावरचा पहिला कागद.

लेवियाने तो दोनदा वाचला. फिजी गेलं, हे तिला कळलं. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला वाटलं, हिने माझ्यावर कुऱ्हाड चालवली तरी मी रागावणार नाही.

"म्हणजे मी तुमची नाही, तुमचीही नाही," ती म्हणाली. "आणि ही फळीही तुमची नाही. मधली फळी काढल्यावर होडी उरते का, साहेब?"

दोघं वाकून फळी बघू लागले.

"नाही उरत. तेव्हा उतरा. आमची होडी आम्हाला हवी आहे."

त्याच दुपारी कालसेई आणि विराने, पांढऱ्या केसांच्या त्या दोघा भावांनी, मला पाण्यात ढकललं. मी गळले, पण तरंगले. लेविया पल्याडच्या एका म्हाताऱ्या दाईकडे शिकली, आणि पुढे एकतीस वर्षं तिने माझ्यातून बायका नेल्या. एकही वाटेत गेली नाही. मध्ये केव्हातरी दोन्ही झेंडे उतरले आणि दोन्ही साहेब आपापल्या घरी गेले. आम्ही त्या दिवशीही कामात होतो.

आता मी थकले आहे. तुम्ही पोरं माझ्यात बसून खेळता, मला आवडतं. मला खोबरेल चोळा, कोरडी पडू देऊ नका, तळाचं भोक आजच्या आज बुजवा. पलीकडच्या आळीतल्या नालिनचे दिवस भरत आले आहेत. आणि काल तुम्ही पुढे कोणी बसायचं यावरून भांडत होतात, ते मी ऐकलं. भांडा, हरकत नाही, पण खाडी ओलांडून झाल्यावर. आधी वल्हं उचला.