मायचे ठोके

“एकशे अठ्ठेचाळीस!” मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो, की शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या नीलाबेननी छापायला घातलेलं पासबुक तसंच मशीनमध्ये सोडलं.

“शुं थयुं, अमोलभाई?”

“आईचे ठोके. हे बघा. दहा मिनिटं झाली, खाली येत नाहीत.”

फोनच्या पडद्यावर लाल हृदय उड्या मारत होतं. मी मायला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, तेच. नीलाबेन म्हणाल्या, “जाव, जाव, साहेबने हुं कही दईश.” मी हेल्मेट उचललं आणि निघालो. गिऱ्हाइकं रांगेत तशीच उभी होती, आणि खरं सांगायचं तर त्या घाईतसुद्धा मला थोडा अभिमान वाटला. घड्याळानं वेळेवर सांगितलं होतं. घड्याळ मी घेतलं होतं.

ते घड्याळ म्हणजे आमच्या शाखेत एक दंतकथाच झाली होती. मागच्या वर्षी मायला चक्कर आली, डॉक्टरांनी ठोक्यांवर लक्ष ठेवा म्हणून सांगितलं आणि मी ते आणलं. आत सिम होतं. मायच्या मनगटावर ते, आणि तिचे ठोके, पावलं, झोप सगळं शहराच्या दुसऱ्या टोकाला, अडाजणला बसून माझ्या फोनवर. असली घड्याळं रोजच्या वापरात कामाची की नुसती मिरवायची, यावर डब्यांच्या वेळी वाद निघाला की सगळे माझ्याकडे बघत. मी फोन काढून दाखवी. “काल सात तास झोपली. आज सकाळपासून चार हजार पावलं. सांगा, शेजारी राहणाऱ्या मुलाला तरी एवढं कळतं का?” नीलाबेननी सासऱ्यांसाठी घ्यावं का विचारलं, तेव्हा मी म्हणालो होतो, “डोळे झाकून घ्या.”

घड्याळ आल्यापासून माझं पांडेसऱ्याला मायकडे जाणं कमी झालं होतं. आधी दर रविवारी जायचो, मग महिन्यातून एकदा. आता वैशाख लागला होता आणि मी शेवटचा गेलो होतो संक्रांतीला. अंतर बारा-तेरा किलोमीटर. पण रोज आठ वाजता फोन मात्र न चुकता. फोन म्हणजे काय, मी आकडे वाचून दाखवायचो. “माय, आज सहा हजार दोनशे. छान.” ती म्हणायची, “हां भाऊ.” एकदा तीनच हजार दिसली, तर मी चांगलं झापलं. एवढं महागाचं घड्याळ बांधलंय ते काय शोभेला, रोज आठ हजार झालीच पाहिजेत. दुसऱ्या दिवशी आठ हजार शंभर झाली. मुलानं दम दिला की आईबाप सुधारतात, असं मी अनुजाला, माझ्या बायकोला, हसत हसत सांगितलं होतं.

उधन्याच्या पुलाखाली थांबून मी पुन्हा फोन पाहिला. एकशे एकावन्न. मग मात्र अभिमान गेला. वडील गेले तेव्हाही मी पोचलो नव्हतो. गिरणीच्या रंगखात्यात पाळी चालू असतानाच ते कोसळले होते. त्या वेळी कोणी कळवलं नाही, हे मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो होतो. आता तर कळलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी मांडव होता. डीजे एवढा वाजत होता की भिंती हलत होत्या, हळदीनं माखलेल्या बायका रिंगण धरून नाचत होत्या. त्यांच्या मधून गाडी ढकलत मी खोलीशी आलो. दार उघडंच होतं.

माय खाटेवर बसून लसूण सोलत होती.

उजवा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये, खाली दोन उशा. तिनं वर पाहिलं आणि सोललेली पाकळी ताटलीत टाकली.

“भाऊ? तू आते कसा उना? सुट्टी शे का?”

मी हातातला फोन पाहिला. एकशे त्रेपन्न. पुन्हा मायकडे पाहिलं. ती संथपणे श्वास घेत होती.

“माय, पायाला काय झालं?”

“काही नही रे. मोरीमा घसरनू. एकोणीस दिन व्हयनात.”

“एकोणीस दिवस! आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगीसन काय हाड जुडी जास का?” ती हसली. “तुले कामं शेतस. फोन वाजे, आयके मी. पन तो पडना फळीवर चार्जिंगले, आनि मी पडनू आठे.”

मी खाली पत्र्याच्या पेटीवर बसलो. मनात उलटी मोजणी सुरू झाली. ती पडली त्या संध्याकाळी मी काय बोललो होतो ते मला आठवत होतं, कारण आकडा मोठा होता. सात हजार चारशे. मी म्हणालो होतो, “शाब्बास माय.” आणि मोडलेला पाय घेऊन ती म्हणाली होती, “हां भाऊ.”

“घड्याळ कुठंय?” मी विचारलं.

माय लसणाकडे बघू लागली. तेवढ्यात शेजारच्या सरलाबाई धापा टाकत दारात आल्या. तोंड, गळा, हात सगळं पिवळं. त्यांच्या भाचीची हळद होती. डाव्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या मागे, माझं घड्याळ. त्याच्या काचेवरही हळदीचं बोट उठलं होतं.

“भाऊ, तुम्ही गाडी लावतांना दखं नि मी पयतच उनू,” त्या म्हणाल्या. “मी नाचनार नव्हतू. त्या पोरीसनी वढी लिधं.”

माझ्या फोनवर आकडा खाली येऊ लागला. एकशे चाळीस. एकशे बत्तीस. सरलाबाई दाराला टेकून दम घेत होत्या.

मग मायच बोलू लागली. मी बँकेत लागल्यापासून तिच्याशी पुस्तकातलं मराठी बोलतो, ती मात्र कधी बदलली नाही.

“मन्हा हातवर ते चालेच ना, भाऊ. तू बांधीसन गया आनि बंद पडनं. घडीघडी थरथरे. सरलानी नात प्रियांका, तिनी वाची दखाडं. म्हने, आजी, तुन्हं गोंदन आडं येस. त्याना उजेड कातडीमा जात नही.”

तिनं दोन्ही हात पुढे केले. मी ते हात आयुष्यभर पाहिले होते. मनगटाभोवती पाटलीएवढं रुंद, दाट हिरवं गोंदण, ठिपके, वृंदावन, विंचू, पुन्हा ठिपके, दोन्हीकडे सारखं. सोन्याच्या पाटल्या मेल्यावर काढून घेतात, हे संगती येतं, असं ती म्हणायची. माझ्या लग्नात मी तिला मनगटापर्यंत बाह्या असलेलं पोलकं शिवायला लावलं होतं. अनुजाच्या माहेरचे शिक्षक लोक, त्यांना काय वाटेल म्हणून. मे महिन्यात ती दिवसभर त्या बाह्यांत घामाघूम उभी होती आणि मी फोटो काढणाऱ्याला खुणेनं सांगत होतो, हात येऊ देऊ नका. तेच हात झाकायचे म्हणून एवढे लक्षात होते, आणि घड्याळ बांधताना मात्र माझं तिकडे लक्षही गेलं नाही. मी पट्टा एक भोक घट्ट केला होता आणि तिलाच म्हणालो होतो, सैल ठेवतेस.

“मग सांगायचं ना,” मी म्हणालो. माझा आवाज चढला, कारण लाज वाटली की मला आधी राग येतो.

“सांगनार व्हतू. पन तुन्हा फोन उना. माय, ठोके दिसत नहीत, माले झोप येत नही. सरला आठेच बठेल व्हती. तिनी बांधं. तू लगेच म्हना, हां, उनात उनात.” ती थांबली. “तुले ठोके पायजे व्हतात, भाऊ. आम्ही दिधात.”

“आनि पायी पायी बी मीच,” सरलाबाई म्हणाल्या. त्यांना वाटत असावं की आता कबूल करायचंच तर पुरतं करावं. “तुम्ही रागावनात ना त्या दिन, आठ हजार पायजे म्हनीसन? मी सांजले खाडीपावत जाई उनू. गुडघा दुखे. पन माय म्हने, पोऱ्या काळजी करस. तुम्ही येवाना दिन तेवढं ते मायना हातवर ऱ्हाये.”

सरलाबाई साठीच्या. दिवसभर चार घरची धुणीभांडी करून आलेली बाई माझ्या दमामुळे संध्याकाळी खाडीच्या काठानं आकडा पुरा करायला चालली होती. रात्रीही घड्याळ त्यांच्याच हातावर. सात तासांची झोप त्यांची. माय किती झोपते ते मी विचारलंच नव्हतं. चक्कर पुन्हा आली का, गोळ्या आहेत का, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. माझ्याजवळ वर्षभराचे आलेख होते, शेजारच्या बाईच्या निरोगी हृदयाचे. आणि ते मी लोकांना डब्यांवर दाखवत होतो.

“चल माझ्याकडे,” मी म्हणालो. “आत्ता गाडी बोलावतो.”

“दखूत,” माय म्हणाली. मी लहानपणी काही मागितलं की ती असंच ‘बघू’ म्हणायची, आणि मला तेव्हाही अर्थ कळायचा.

मग ती खाटेवर जराशी हलली. सरलाबाईंकडे पाहिलं. सरलाबाईंनी लगेच लसणाची ताटली उचलून बाजूला ठेवली आणि खाटेखालून स्टीलचं भांडं ओढलं.

“भाऊ, तू जरासा भायेर बठ,” माय म्हणाली.

मला समजायला वेळ लागला. “मी करतो ना. सांग कसं धरायचं. मी आहे की.”

“नही रे.” तिनं माझ्याकडे न बघता पदर सारखा केला. मी आल्यापासून ती कळ दाबून बसली होती. मी बाहेर जाईन याची वाट बघत. “तुले नही जमाव. सरलाले सवय शे.”

सरलाबाईंनी घड्याळ काढून फळीवर ठेवलं, बांगड्या मागे सारल्या आणि मायच्या काखेत हात घातला. मी बाहेर आलो. दार मागून लोटलं गेलं. मांडवात गाणं बदललं होतं, पोरं ओरडत होती. मी पायरीवर बसलो आणि फोन वाजला. अनुजा होती.

“नीलाबेनचा फोन आला होता. आई कशा आहेत? मी निघू का? ॲम्ब्युलन्स बोलावलीस का?”

सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि डब्यांची वेळ, नीलाबेन, त्यांचे सासरे, लग्नातलं ते पोलकं, एकोणीस दिवस, सगळं एकदम पुढं आलं. सुरुवात कुठून करायची ते कळेना.

“काही नाही गं,” मी म्हणालो. “घड्याळ बिघडलंय. उगाच वाजत होतं.”

दाराआडची हालचाल थांबली. लाकडी दार पातळ होतं, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत सगळं ऐकू जात होतं. मग फोनपर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं, खणखणीत आवाजात माय आतून ओरडली.

“हां वं अनुजा, घड्याळच बिघडेल शे! मी बरी शे! आनि भाऊ येतच ऱ्हास!”

“बरं झालं बाई,” अनुजा म्हणाली. “आवाजावरून तर चांगल्याच वाटतायत.”

“हो,” मी म्हणालो.